विहिरीकडचा खड्डा

शहाडचा पूल चढता चढता दोघांनी चौथ्यांदा हात बदलले. बर्फाच्या पेटीला दोन बाजूंना दोन कड्या होत्या, एक वासंतीताईंच्या हातात आणि दुसरी उत्तमभाऊंच्या. उत्तमभाऊंच्या मोकळ्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला, जमिनीत भोक पाडायचा गिरमिट होता. ताईंच्या खांद्याला पर्स, काखेत फॉर्मची फाईल. म्हारळच्या अलीकडून चालत आले होते. कल्याणचा एस.टी. स्टँड अजून चांगला अर्ध्या-पाऊण तासावर, डोक्यावर दुपारचं ऊन, आणि वासंतीताईंना संकष्टीचा उपास.

खरं तर चालायचं काही कारणच नव्हतं. ऑफिसची गाडी होती, गाडीला दौलत नावाचा ड्रायव्हर होता, आणि सकाळी त्यानेच दोघांना ठाण्याहून म्हारळजवळच्या एका बंद पेट्रोल पंपावर आणून सोडलं होतं. पण अकरा वाजता ऑफिसचे साहेब अनिमेष सर यांचा फोन आला. त्यांना मीटिंगला जायचंय, गाडी परत पाठवा, काम झालं की तुम्ही एस.टी.ने कल्याणला या, दौलत चारला स्टँडवरून पेटी उचलेल. एस.टी. आली. कंडक्टरने गोणपाटाजवळ नाक नेलं आणि पेट्रोल घेऊन गाडीत चढायचं नाही म्हणून सांगितलं. उत्तमभाऊ म्हणाले, पेट्रोल नाही, माती आहे. कंडक्टर म्हणाला, मातीला असा वास येतो होय. त्यावर उत्तमभाऊंनी पायरीवर उभ्या उभ्याच हात जोडले.

"मास्तर, एवढं मला कागदावर लिहून द्या. आमच्या साहेबाला पंधरा दिवस तेच सांगतोय, त्याला वास येत नाय."

गाडीतले लोक हसले, पण खाली उतरावं लागलंच. मग दोन रिक्षा थांबल्या, दोन्ही रिक्षावाल्यांनी नाकं मुरडली आणि पुढे गेले. म्हणून चालणं.

उत्तम भोईर हा माणूस तेवीस वर्षं ठाण्याच्या एका लहानशा लॅबसाठी माती आणून देतो. पेट्रोल पंप बंद झाला, जमिनीतल्या टाक्या निघाल्या, जागेवर इमारत यायची असली की आधी खालची माती तपासतात. टाकी कधीतरी गळलेली असते, आणि गळलेलं तेल वर दिसत नाही. उत्तमभाऊ हाताने गिरमिट फिरवत माणसापेक्षा खोल जातात. दर हातभर खोलीला निघालेली माती झिपच्या पिशवीत अर्धी भरायची, पिशवी बंद करून ढेकळं बाहेरूनच बोटांनी फोडायची, दहा मिनिटं सावलीत ठेवायची. मग पिशवीच्या तोंडातून मीटरची नळी आत घालायची. मातीतून सुटलेली वाफ मीटर हुंगतो आणि आकडा दाखवतो. ज्या पिशवीचा आकडा मोठा, तिथली माती काचेच्या बरणीत काठोकाठ भरून, बर्फात घालून लॅबला. सगळी माती तपासणं कोणालाच परवडत नाही, तेव्हा कुठली तपासायची हे मीटर सांगतो. उत्तमभाऊंचं म्हणणं, मीटरच्या आधी नाक सांगतं. पण नाकाने माती हुंगायची नाही असा नियम आहे, तब्येतीला वाईट. "मी हुंगत नाय," ते सांगायचे, "वासच माझ्याकडे येतो, त्याला मी काय करू?"

हे त्यांचं शिक्षण बाळकुमच्या शेतात झालेलं. खाडीला लागून भाताची शेतं होती. मोठ्या उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरायचं. पाणी ओसरल्यावर उत्तमभाऊंचे वडील शेताच्या चारही कोपऱ्यांत जाऊन चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे, थुंकायचे, आणि यंदा कुठल्या तुकड्यात भात लावायचा ते ठरवायचे. पोरालाही चाखायला लावायचे. तो म्हणाला खारी आहे, तर विचारायचे, किती खारी, सुकटीएवढी की भाकरीएवढी. आता त्या शेतावर बावीस मजली इमारती आहेत. एकदा उत्तमभाऊ सहज तिथे गेले तर वॉचमनने वही पुढे केली आणि कोणाकडे जायचंय विचारलं. "मी म्हटलं, खालच्याकडे," ते सांगायचे. वॉचमनला कळलं नाही, तो नुसता हसला.

शेत गेल्यावर ते इमारतींच्या पायासाठी भोकं पाडणाऱ्या टोळीत लागले आणि तिथून लॅबमध्ये आले. घरी त्यांची बायको कलावती त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवते, आणि शेजारणींना सांगते की माझा नवरा कुठल्या पंपावर कामाला नाही, तरी वास बघा. सणावाराला अंगाला उटणं लावूनही जात नाही. एवढं सगळं झाल्यावर तीस वर्षांच्या अनिमेष सरांनी त्यांना सांगितलं होतं की भोईर, तुमचा अनुभव मान्य आहे, पण डेटा इज डेटा.

आणि डेटाचं काय झालं होतं, ते वासंतीताईंना उत्तमभाऊंपेक्षाही जास्त माहीत होतं.

वासंतीताई डोंबिवलीच्या. लॅबच्या ऑफिसात चौदा वर्षं फॉर्म भरतात. बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, नंबरासमोर खोली, वेळ, सही. फॉर्ममध्ये ओळ नसलेली बरणी लॅब आत घेत नाही. साइटवर जायचं त्यांचं काम नव्हे, पण केमिस्ट रुचिता बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि सर म्हणाले, ताई, लिहायचंच तर आहे. अशा रीतीने पंधरा दिवसांपूर्वी त्या पहिल्यांदा या पंपावर आल्या.

त्या दिवशी पाच खड्डे होते. पाचवा मागच्या भिंतीलगत. भिंतीपलीकडे बैठी चाळ, आणि चाळीच्या अंगणात विहीर. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, म्हणून चाळ त्या विहिरीवर. दुपारी चाळीतल्या गोदाबाईंनी भिंतीवरून दोन तांबे पाणी दिलं. उत्तमभाऊंनी तांब्या तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. गोदाबाईंचा चेहरा उतरला. आमच्या हातचं चालत नाय काय, म्हणाल्या. उत्तमभाऊ गडबडले, नाही नाही म्हणाले, पाण्याला वास येतोय म्हणाले. गोदाबाई म्हणाल्या, वास काय, दिवाळीपासून रॉकेलचा येतोय, रात्रभर भांडं उघडं ठेवलं की उडतो, पोरं पण तेच पितात. आणि दोन्ही तांबे उचलून घेऊन गेल्या.

त्यानंतर पाचव्या खड्ड्याची माती वर आली, काळपट हिरवी. मीटरचा आकडा सातशेच्या वर गेला.

पण मीटरने एक घोटाळा करून ठेवला होता. दर कामाला एक कोरी पिशवी असते. लांबची स्वच्छ माती भरलेली. तिच्यात आकडा शून्य यायला हवा, म्हणजे मीटर शुद्धीवर आहे असं समजतात. त्या दिवशी कोऱ्या पिशवीतही चाळीस आला. पहिल्या चारही खड्ड्यांत चाळीस, पंचेचाळीस. सरांनी कागद बघितला आणि मीटर बिघडलाय म्हणून पाचही आकड्यांवर रेघ मारली. बरण्या फेकून दिल्या. उत्तमभाऊ म्हणाले, अहो चाळीस कुठे नि सातशे कुठे. सर म्हणाले, बिघडलेल्या काट्यावरचं वजन धरतात का. मीटर दुरुस्तीला गेला आणि काहीही बिघाड नाही अशी चिठ्ठी घेऊन परत आला. सर म्हणाले, बघा, झाला दुरुस्त.

मग नवीन नकाशा आला. पाचही खड्डे पुढच्या बाजूला, रस्त्याकडे. मागे बिल्डरच्या माणसांनी सळया रचल्या होत्या, त्या हलवायच्या म्हणजे पुन्हा पत्रव्यवहार, आणि सरांना पत्रव्यवहाराचा कंटाळा. लबाडी म्हणावी तर तीही नाही. नुसता कंटाळा. वासंतीताईंना लबाड माणूस परवडला असता, त्याच्यावर रागावता तरी येतं.

आज सकाळी नकाशाप्रमाणे पाच खड्डे झाले. शून्य, दोन, तीन, शून्य, एक. कोरी पिशवीही शून्य. मग उत्तमभाऊंनी मागे जाऊन एकट्याने सळया बाजूला ओढल्या आणि जुन्या पाचव्या खड्ड्यापासून वीतभर अंतरावर सहावा खड्डा घेतला. आकडा आठशे बारा. त्यांनी बरणी भरली, झाकण घट्ट केलं, चिकटपट्टी लावली आणि वासंतीताईंकडे बघितलं. वासंतीताईंनी फाईल मिटली होती. नकाशात सहावा खड्डा नाही, ताई म्हणाल्या, लिहू कुठे. पलीकडे गोदाबाई विहिरीवर होत्या. आज पाणी विचारलं नाही. इकडे बघितलंही नाही.

पूल उतरल्यावर उत्तमभाऊंनी पेटीचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. बर्फाचं पाणी झालं होतं. बरण्या गार राहिल्या नाहीत तर मातीतली वाफ निघून जाते, मग लॅबच्या आकड्यावरही रेघ. आसपास बर्फ एकाच ठिकाणी होता, रस्त्याकडेच्या मासळीवालीच्या खोक्यात. वासंतीताईंनी गजाननाचं नाव घेतलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

मासळीवालीने विचारलं, पेटीत काय, पापलेट? उत्तमभाऊ म्हणाले, माती. तिने आधी पेटीत डोकावून बघितलं, मग त्यांच्याकडे.

"मानसाला घोटभर गार पानी नाय, न् हे मातीला बरफ लावताव. कुठल्या गावचं रे तुमी?"

"बाळकुम."

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली आणि दोन ओंजळी जास्त घातल्या.

आता पेटी दुप्पट जड झाली, वर माशाचं पाणी ठिबकत होतं, ते वासंतीताईंच्या साडीच्या निऱ्यांवर. सकाळपासून पोटात एक केळं आणि अर्धा कप चहा. चंद्रोदयाला किती तास ते त्यांनी मोजायचं सोडून दिलं होतं. मनात चाललेला जप सारखा तुटत होता, कारण शेजारी उत्तमभाऊ बोलायचे थांबत नव्हते. सरांबद्दल, मीटरबद्दल, दुरुस्तीवाल्याबद्दल. तेवीस वर्षांत या मीटरने मला दगा दिला नाही, म्हणत होते, त्याच दिवशी का दिला, आणि आज का सुतासारखा चालला, मला कोणीतरी सांगा. माझंच काहीतरी चुकलं असेल. पिशव्या मीच उघड्यावर ठेवल्या असतील. म्हातारा झालो असेन.

हे शेवटचं वाक्य ते तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा वासंतीताईंनी आपल्या बाजूची कडी सोडून दिली. पेटी एका अंगाने रस्त्यावर टेकली.

"कापूर माझा होता, उत्तमभाऊ."

उत्तमभाऊंना काही कळलं नाही. मग ताईंनी सांगितलं, फूटपाथच्या कठड्याशी उभं राहून, त्यांच्याकडे न बघता.

उत्तमभाऊ पहिला खड्डा घेण्याआधी भूमीची पूजा करतात. नारळ, हळदकुंकू, एक फूल. एवढंच. उदबत्ती नाही, कापूर नाही, कारण मीटर त्याचाही वास पकडतो, हे ते केव्हाच शिकलेले. वासंतीताईंना हे माहीत नव्हतं. त्यांना त्या दिवशी ती पूजा कोरडी वाटली. जमिनीच्या पोटात लोखंड घालायचं आणि आरतीला कापूरही नको? त्यांनी पर्समधला कापूर काढला, पंपाच्या फाटकापाशी दोन वड्या लावल्या, हात जोडले. उत्तमभाऊंनी बघितलं, देवापुढचा कापूर विझवा असं बाईमाणसाला कसं सांगायचं म्हणून गप्प राहिले, आणि मीटर उचलून लांब नेऊन ठेवला. त्यांच्या हिशेबी तिथे विषय संपला. पण उरलेल्या वड्या पर्समध्ये चुरा होतील म्हणून ताईंनी कामाच्या गठ्ठ्यातली एक झिपची पिशवी घेतली, त्यात कापूर भरला, आणि ती पिशवी सवयीने परत गठ्ठ्यात ठेवली. पिशव्यांचा अख्खा गठ्ठा अर्धा दिवस त्या कापरासोबत उन्हात होता. आठवड्याने पिशव्यांचं खोकं उघडलं तेव्हा देवघराचा वास आला. ताईंनी गठ्ठा फेकला, कोणाला न सांगता नवीन आणून ठेवला. म्हणून आज मीटर सुतासारखा.

उत्तमभाऊंनी गिरमिट दुसऱ्या खांद्यावर घेतला. मग बोलले ते भलतंच.

"पंधरा दिवस तुमी गप, ताई? मी घरी बायकोला सांगितलं, माझं नाक गेलं म्हणून."

वासंतीताईंनी निऱ्यांवरचं पाणी झटकलं. त्यांची चौदा वर्षांत एका फॉर्मवर खाडाखोड नाही. त्यांचं इंग्रजी सर लाल पेनाने सुधारतात, कारण त्या मराठी शाळेतल्या, आणि ऑफिसातली नवी पोरं त्यांच्या टेबलावरच्या गणपतीला मॅनेजर म्हणतात. त्यात कापूर कळला तर आयुष्यभराची करमणूक. रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणताना त्या ठरवायच्या, आज सांगायचं. रोज ऑफिसात गेल्यावर सर मीटरच्या दुरुस्तीवाल्याशी भांडत असायचे, आणि रोज वाटायचं, भांडू दे.

पेटी पुन्हा उचलली. कल्याणात शिरल्यावर रस्त्यावर खोदकाम होतं, वळसा पडला. एका दुकानदाराने पेटीतून पाणी सांडतंय म्हणून दारातून हाकललं. एक मोटारसायकलवाला गिरमिटाला आदळता आदळता राहिला आणि वर त्यांनाच दम देऊन गेला. स्टँडवर पोचले तेव्हा चार वाजून गेले होते, आणि दौलत अर्थातच आलेला नव्हता. फोनवर म्हणाला, पाच मिनिटांत पोचतो.

स्टँडच्या बाकड्यावर दोघं बसले. उत्तमभाऊंनी रसवंतीवरून दोन ग्लास आणले. उसाचा रस उपासाला चालतो ना, असं आधी विचारून. अर्धा ग्लास झाल्यावर ते शांतपणे हिशेब घालावा तसे बोलायला लागले. कापूर सगळ्या पिशव्यांत सारखा. म्हणजे कोऱ्या पिशवीतला चाळीस कापराचा. खड्डा एक ते चारमधला चाळीसही कापराचा. मग पाचव्यातले सातशे? त्यातले चाळीस काढा ना. राहिलेले कोणाचे? म्हणजे तो आकडा खराब नव्हताच, ताई. रेघ मारायचं कारणच नव्हतं. आणि पाचव्यावरची रेघ चूक असेल, तर तिथे पुन्हा खड्डा घेणं हे आमचं कामच होतं.

वासंतीताईंनाही ते आत्ताच लख्ख दिसलं. सहावी बरणी आता पेटीत होती, पण कागदावर नव्हती. गाडी आली की दौलत पेटी घेऊन तडक लॅबला जाणार, लॅब ओळी मोजणार, सहावी बरणी बाजूला काढून टाकणार. पाच बरण्यांचा निकाल स्वच्छ येईल. इमारत उभी राहील. आणि गोदाबाई पाणी रात्रभर उघडं ठेवत राहतील.

ताईंनी फाईल उघडली. फॉर्मच्या मध्ये कार्बन घातलेल्या तीन प्रती असतात, एक लॅबला, एक पंपाच्या मालकाला, एक सरकारी फाईलला. एकदा खाली दाब पडला की तिन्हींवर उमटतं, मग सर लाल पेनाने कुठे कुठे पोचणार. सहावी ओळ रिकामी होती. तिच्याखाली शेऱ्याची जागा.

त्या म्हणाल्या, पिशव्यांमध्ये कापूर राहून गेला होता एवढं लिहिते. कोणाचा ते कशाला.

उत्तमभाऊंनी मान हलवली. नाव नाही घातलं तर सगळे माझंच समजतील, ते म्हणाले, नारळ फोडणारा मी. आणि माझं समजले तर म्हणतील म्हाताऱ्याने आपला आकडा वाचवायला गोष्ट रचली. तुमी ऑफिसच्या. चौदा वर्षांत खोटी ओळ नाय तुमची. तुमचंच खरं मानतील.

वासंतीताईंना राग आला. स्वतःचा, सरांचा, गळणाऱ्या पेटीचा, आणि या माणसाचाही, कारण तो बरोबर बोलत होता. हसतील हो, त्या म्हणाल्या.

"हसू दे. मला तर वॉचमनपण हसतो."

फाटकातून ऑफिसची गाडी आत वळली. दौलतने लांबूनच हॉर्न दिला. उत्तमभाऊंनी ओला हात पँटला पुसला, गिरमिट बाकाला टेकवून ठेवला, आणि फाईल दोन्ही हातांनी सरळ धरली, ताईंना लिहायला सोपं जावं म्हणून.

"लिहा, ताई," ते म्हणाले. "सहावी ओळ लिहा, आणि खाली तुमच्या नावानिशी कापराचं लिहा. पण मराठीत लिहा. मला वाचून मगच सही करायचीय."